मायच्या कानांसाठी केलेली डबी

धुळ्यात आमच्या गल्लीत घरांपेक्षा माग जास्त होते. भिंतीला भिंत लागून माग चालायचे आणि त्यांच्या खटखटाटात आम्ही जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. वीज गेली आणि माग एकदम थांबले की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. नाना, म्हणजे माझे वडील, मागावर होते. दिवसभर त्या आवाजात राहून त्यांना हळू बोलणं जमेनासं झालं होतं. 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारच्या हिराअक्का भिंतीपलीकडून विचारायच्या, "काय झालं हो नाना?" आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला वाटायचं, या घरात कडाक्याचं भांडण चाललंय.

माय तेवढी हळू बोलायची. कसं ते मला अजून सांगता येत नाही, पण तिचा आवाज मागांच्या खालून यायचा आणि स्पष्ट ऐकू यायचा. ती शिंदखेड्याकडची, अहिराणी बोलणारी. स्वयंपाक करताना तिची जीभ थांबायची नाही. कळण्याची भाकरी थापताना ती भाकरीशीच बोलायची, तवा तापला नाही म्हणून चुलीला रागवायची, ठेचा कुटताना मिरचीला विचारायची, "का वं, आज इतली तिखट काबर?" मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसलेली असायचे. "पमे, भाकर थंडी व्हयनी, ये ना," ही तिची हाक मला आजही आठवते, म्हणजे शब्द आठवतात. आवाज आठवायला गेलं की दुसराच येतो, नंतरचा, सपाट झालेला. पौर्णिमेला विहारात वंदना सुरू करायला बायका तिलाच पुढे बसवायच्या. उन्हाळ्यात बिबडे घालायच्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बायका आमच्या गच्चीवर यायच्या, त्या बिबड्यांपेक्षा तिच्या गोष्टींसाठी. ज्वारीचा तो शिजवलेला चीक गरम असतानाच कपड्यावर पसरावा लागतो. तिच्या गोष्टी ऐकता ऐकता बायकांचे हात थांबायचे, चीक थिजायचा, आणि मग सगळ्याजणी तिच्यावरच चिडायच्या.

ती जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर कामाला जायची. खोकला तिथूनच आला असं सगळे म्हणत. खरं काय ते कोणास ठाऊक. अंग उतरलं, संध्याकाळी ताप भरू लागला, मग एकदा पदराला रक्त लागलेलं हिराअक्कांनी पाहिलं आणि त्या तिला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. रोज इंजेक्शन घ्यायचं ठरलं. मी शाळेतून आले की तिच्याबरोबर जायचे. ती बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघायची आणि शेजारच्या बाईला कढी-फुनके कसे करायचे ते सांगत राहायची. इंजेक्शनांनी गुण आला. खोकला गेला, गाल भरले, नानांनी गल्लीत पेढे वाटले.

त्याच सुमारास ती म्हणू लागली की कानात रातकिडे ओरडतात. अशक्तपणा असेल, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग आवाज तिला एकेक करून सोडून गेले. आधी बारीक गेले. दूध उतू जाताना होणारा फसफसाट तिला कळेना, रोज दूध सांडू लागलं. मग पाठीमागून मारलेल्या हाका गेल्या. मी रुसून बसायचे, की माय मुद्दाम ओ देत नाही. एका सकाळी ती दारात उभी राहून गल्लीकडे बघत होती. सगळे माग जोरात चालू होते, पायाखालची फरशी थरथरत होती. ती वळून नानांना म्हणाली, "आज माग बंद शेत का?"

 

तिला वाचता येत नव्हतं. नानांना याची फार खंत होती. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पुस्तकं ठेवायची जागा होती आणि तिथे दुसरं काही ठेवायची परवानगी नव्हती. आता नानांनी पाटी आणली आणि तिला अक्षरं शिकवायला मला बसवलं. तिनं मनापासून प्रयत्न केला. पण अक्षराचा उच्चारच ऐकू येत नसेल तर अक्षर शिकवायचं कसं? मी 'क' काढायचे आणि तोंड उघडायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग पाटीकडे बघायची, मग हसायची. स्वतःचं नाव चित्रासारखं काढायला ती शिकली आणि तिथेच ते थांबलं.

दहावीनंतर मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला नाव घातलं. मुली तेव्हा शिवणकामाला जायच्या. प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसानं मला शिवणाची रांग दाखवली होती. पण मी ठरवून गेले होते. दवाखान्यात एका म्हाताऱ्याच्या कानात मशीन पाहिलं होतं, खिशात डबी आणि डबीतून कानापर्यंत वायर. तसलं मशीन आम्हाला परवडणारं नव्हतं. डबीत जे असतं ते शिकवणारी जागा गावात आहे असं कळलं आणि माझा विचार पक्का झाला. मी कोणाला काही सांगितलं नाही. नानांना वाटलं, पोरगी नवीन काहीतरी शिकतेय.

आम्हाला शिकवायला पाटील सर होते. चाळीसगावहून रोज पॅसेंजरनं यायचे, गाडीला उशीर झाला की वर्गात येताच टेबलावर डबा आपटायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या हातावर एकेक रेझिस्टन्स ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन्हीकडून तारेचे पाय, अंगावर रंगीत पट्टे. "हा काय करतो?" त्यांनी विचारलं. "अडवतो," तेच म्हणाले. "वीज यायला बघते, हा म्हणतो, एवढीच ये. बाकी काही करत नाही. याच्यात डोकं नाही, कौशल्य नाही. पण हा काढून टाका आणि बघा काय होतं." मग त्यांनी एक छोटा लाल दिवा, एलईडी, थेट बॅटरीला लावला. दिवा एकदा लख्ख पेटला आणि कायमचा विझला. दुसरा दिवा त्यांनी रेझिस्टन्स मध्ये घालून लावला. तो तास संपेपर्यंत शांतपणे जळत राहिला.

नंतरच्या महिन्यांत त्या दाण्याची वेगवेगळी रूपं कळत गेली. पट्ट्यांचे रंग म्हणजे आकडे. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी असं आम्ही पाढ्यांसारखं म्हणायचो, आणि शेवटचा सोनेरी किंवा चंदेरी पट्टा सांगायचा की लिहिलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा. दोन रेझिस्टन्स एकामागे एक जोडले आणि मधल्या सांध्यातून वायर काढली की बॅटरीच्या दाबाचा हवा तेवढाच हिस्सा मिळतो. ट्रान्झिस्टरला जागं ठेवायला तेवढाच लागतो, कमी झाला तर तो झोपतो, जास्त झाला तर आवाज फाटतो. रेडिओचं आवाजाचं बटणसुद्धा रेझिस्टन्सच. आत काळ्या कार्बनची गोल पट्टी आणि तिच्यावरून फिरणारा पत्रा. तिच्यात धूळ गेली की बटण फिरवताना खरखर येते. अडवलेली वीज जाते कुठे, तर उष्णतेत. म्हणून जिथे जास्त अडवायचं तिथे जाडा रेझिस्टन्स लावायचा, बारीक लावला तर तो करपतो. करपलेल्या रेझिस्टन्सचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. आता नव्या मोबाइलच्या पट्टीवर ते खसखशीच्या दाण्याएवढे असतात, पट्टे नाहीत, पाय नाहीत. भिंगातूनही मला धड दिसत नाहीत. पण वास तोच आहे.

मोडीत निघालेल्या रेडिओंचे भाग सर मला देऊ लागले. कशाला हवेत ते त्यांनी विचारलं नाही. जुन्या टेपरेकॉर्डरमधला कंडेन्सर माईक मिळाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याला नुसतं जोडून चालत नाही. एका रेझिस्टन्समधून त्याला थोडी वीज पुरवत राहावी लागते, तरच तो बोलणं पकडतो. त्यापुढे ट्रान्झिस्टर, मग आवाजाचं बटण, मग हेडफोन. चालू आहे की नाही ते कळावं म्हणून बाजूला एक लाल दिवा, त्याला त्याचा वेगळा रेझिस्टन्स. सगळं साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं. हेडफोन माझ्या कानाला लावला तेव्हा गल्लीतले माग इतके मोठे झाले की मी ओरडून तो काढून फेकला. नानांनी विचारलं, "काय व्हयनं?" आणि ते वाक्य डबीतून इतकं जोरात आलं की मी हसत सुटले.

मायच्या गळ्यात डबी अडकवली, कानाला हेडफोन लावला. लाल दिवा पेटला. मी बटण पूर्ण फिरवलं आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हटलं, "माय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे माझ्या ओठांवरून माझ्या डोळ्यांवर आले. मग तिचा चेहरा उजळला.

"आवाज येस," ती म्हणाली. "ऐकू येस माले. गंज ऐकू येस!" गंज म्हणजे खूप.

त्या दिवशी आमच्या घरी शेवभाजी झाली. नानांनी मागावरच्या माणसांना बोलावून आणलं, प्रत्येकाला डबीत बोलायला लावलं. प्रत्येक जण वाकून काहीतरी बोलायचा, माय मान हलवायची, हसायची, "बरं शे, बरं शे," म्हणायची. हिराअक्का रडल्या. नाना ज्याला त्याला सांगत सुटले, "मनी पोरनी मायले कान दिधात." दुसऱ्या दिवशी पाटील सरांना मी हे सांगितलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "कानाच्या डॉक्टरला दाखवलंय का एकदा?" मला त्यांचा राग आला.

त्यानंतरचे काही महिने हे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे महिने होते. माय डबी घालून स्वयंपाक करायची. नाना कामावरून आले की दारातूनच तिच्याशी बोलायला लागायचे, दिवसभराचं सगळं, कोणाचा धागा तुटला, कोण मालकाशी भांडलं. ती मान डोलवायची. कधीमधी तिचं उत्तर भलतंच असायचं. नानांनी पाणी मागितलं की ती चहा ठेवायची. आम्ही हसायचो. मी म्हणायचे, माईक साधा आहे, शब्द नीट येत नसतील. यापेक्षा चांगला मिळाला की बदलते. नव्या ट्रान्झिस्टरचे आराखडे मी वहीत काढून ठेवले होते. विहारात ती जाईनाशी झाली होती तेवढंच खटकायचं. कारण विचारलं की ती म्हणायची, गुडघे दुखतात.

एका दुपारी मी लवकर घरी आले. माय ओट्यावर बसून तुरीच्या दाण्यांतले खडे निवडत होती. डबी गळ्यात, लाल दिवा चालू. मला बघून तिनं कपाळाला हात लावला, उगाच त्रासल्यासारखा, आणि म्हणाली, "आज माग गंज वाजी राह्यनात. कान किटी ग्यात."

मी उभी राहिले. गल्लीत एवढी शांतता होती की ताटात पडणाऱ्या खड्यांचा आवाज येत होता. वीज गेली होती. मी येतानाच सगळे मागवाले बाहेर ओट्यांवर बसलेले पाहिले होते, बिड्या ओढत.

मी तिच्या कानावरून हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावला. काही नव्हतं. खरखर नाही, घरघर नाही. बटण फिरवलं, डबीवर टिचकी मारली. काही नाही. लाल दिवा जळत होता, कारण त्याचा रस्ता वेगळा होता. मी डबी उघडली. माईकला वीज पुरवणाऱ्या रेझिस्टन्सचा एक पाय सांध्यापाशी तुटून बाजूला झाला होता. तुटलेल्या टोकावर हिरवट कळंक चढला होता. मायच्या घामाचा असेल. तांब्यावर असा कळंक एका दिवसात चढत नाही. किती आठवडे झाले होते कोण जाणे. त्या आठवड्यांत नानांनी तिला सगळ्या मागांची बातमी सांगितली होती, मी तिला माझ्या परीक्षेचं सांगितलं होतं आणि ती प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती.

मला तरी अजून आशा होती. आता हसू येतं. मी तिथेच शेगडीवर कैची तापवून तो पाय पुन्हा जोडला. हेडफोन मी ऐकून पाहिला. ताटातल्या खड्यांचा आवाज त्यात दगड फोडल्यासारखा आला. तो तिच्या कानाला लावला, बटण पूर्ण फिरवलं, आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे माझं तोंड तिला दिसणार नाही. मी डबी जवळ ओढून घेऊन जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. माय तूर निवडत होती.

मी पुढे येऊन बसले तेव्हा माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. तिनं ताट बाजूला सारलं. हेडफोन स्वतःच काढला, वायर नीट गुंडाळली, आणि डबी माझ्या मांडीवर ठेवली.

"पहिल्या दिनले थोडं थरथरनं कानमा," ती म्हणाली. "मंग ते बी नही." तिचा आवाज तेव्हाच जरा सपाट व्हायला लागला होता, चढ नाही, उतार नाही; मला तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. "तू इतली खूश व्हती. तुना बाप इतला खूश व्हता. मी काय सांगू?"

नानांना मी सांगितलं. ते जळगावला कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणाले. पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोचली. डॉक्टरांनी मायला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठा हेडफोन लावला आणि आवाज आला की बोट वर करायला खुणेनं शिकवलं. मी बाहेरून बघत होते. डॉक्टर यंत्राचं बटण दाबत होते, आणि माय त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष लावून, अधूनमधून, अंदाजानं बोट वर करत होती. काही वेळानं डॉक्टरांनी यंत्र बंदच केलं आणि नुसते तिच्याकडे बघत बसले. तिनं बोट वर केलं.

ते बाहेर आले. माणूस भला होता. त्यांनी मला डबी दाखवायला सांगितली, उघडून आतलं काम पाहिलं. "छान केलंय," ते म्हणाले. "पण हे आवाज मोठा करतं. आवाज मेंदूपर्यंत नेणारी जी नस असते ना, तीच गेलीय. क्षयाच्या त्या इंजेक्शनांनी असं काही जणांचं होतं. जीव वाचला त्यांचा, पण कान गेले. यापेक्षा दसपट मोठं मशीन लावलं तरी पुढे न्यायला काही उरलेलं नाही."

नानांनी विचारलं, "मुंबईला नेलं तर?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर आमच्या घरातला मोठा आवाज कमी होत गेला. नाना सवयीनं काही दिवस मायशी ओरडून बोलले, मग खुणा करू लागले, मग खुणाही जेवण आणि औषधापुरत्या राहिल्या. ते कामावरून आले की ओट्यावर बसायचे. माय भाकरीशी बोलायची थांबली होती. स्वतःचा आवाज येत नसेल तर माणूस कोणाशी बोलणार? विहारातल्या बायका एकदा तिला न्यायला आल्या. ती गेली, पुढे बसली, आणि तिनं वंदना सुरू केली ती अशा सुरात की लहान मुलं हसली. त्यांना हसताना तिनं पाहिलं. पुन्हा ती गेली नाही.

मी परीक्षा पास झाले. जळगावला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे एका शाळेत तांत्रिक विषय शिकवायला लागले, तिथेच लग्न झालं, घर झालं. नाना गेले तेव्हा मायला मी जळगावला चल म्हणून फार विनवलं. ती हटली नाही. "मी आठेच राहसू," म्हणाली. त्या गल्लीतल्या माणसांचे ओठ तिला पाठ झाले होते. नव्या गावातली तोंडं तिला कळली नसती. हिराअक्का शेजारी होत्याच.

घरात तोवर फोन आला होता, नानांनी हौसेनं घेतलेला. तो वाजलेला मायला कळणार नाही, म्हणून मी त्याला एक दिवा केला. विजेच्या टेस्टरमध्ये असतो तसला निऑनचा दिवा, आणि त्याच्यामागे मोठ्या आकड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे फोनच्या तारेला ओझं होऊ नये आणि दिवाही जळू नये. घंटीसाठी तारेतून जास्त दाबाची वीज येते, तेवढ्यापुरता तो नारिंगी लुकलुकतो. काळ्या कागदाच्या नळीत बसवून तो चुलीजवळ भिंतीला लावला, दिवसाही दिसावा म्हणून. हे काम मात्र मला नीट साधलं. त्यात कधी बिघाड झाला नाही.

दर रविवारी सकाळी मी फोन करायचे. दिवा लुकलुकला की माय उचलायची आणि बोलायला लागायची, त्या सपाट आवाजात, न थांबता. काय शिजवलं, हिराअक्कांच्या नातवाचं कसं चाललंय, पांझरेला पाणी आलं की नाही. मी ऐकायचे. मधे मी काही म्हणायचे, सवयीनं. ते जळगावहून निघायचं आणि तिच्या कानाशी जाऊन संपायचं. बोलून झालं की ती म्हणायची, "बरं पमे, ठेवस मी," आणि ठेवून द्यायची. लोकांना हे विचित्र वाटायचं. मला तो आठवड्यातला चांगला अर्धा तास वाटायचा.

एका गुरुवारी हिराअक्कांच्या नातवाचा शाळेत फोन आला, की माझी माय गेली. मी पोचले तेव्हा तिला खाली उतरवून ठेवलं होतं. उशाशी घडी घातलेला टॉवेल होता आणि त्यावर रक्ताचे डाग होते. क्षय पुन्हा उलटला होता. तो उलटून बरेच दिवस झाले असणार, असं दवाखान्यातले म्हणाले.

मी हिराअक्कांवर चिडले. त्या माझ्या आईच्या वयाच्या, पण मी ओरडले, आमच्या जुन्या घरासारखी. "तुम्हाला दिसत होतं ना? मग मला का कळवलं नाही?"

"कळवत होते गं," त्या म्हणाल्या. "सोमवारीच पोराला फोनवर बसवत होते. तर तुझी मायच नको म्हणाली. म्हणे, 'पमीले सांगी दिधं मी. रक्त पडनं ते बी सांगं, लवकर ये म्हनी सांगं. ती येई.' आदल्याच आठवड्यात, बुधवारी, तिचा दिवा लागला होता. मी इथंच होते, भाजी निवडत. किती वेळ बोलली तुझ्याशी. रडली पण. मग रोज दारात बसायची, तू येशील म्हणून. मला वाटलं, तुला सुट्टी मिळत नसेल."

त्या मधल्या रविवारी मी नेहमीसारखा फोन केला होता. माय मोजकंच बोलली होती. शेवटी म्हणाली होती, "तुले ते सांगी दिधं ना, बस मंग. ये." मला वाटलं, दिवाळीला ये म्हणतेय.

दिवा कोणीही फोन केला तरी लागायचा. नंबर चुकलेला कोणी व्यापारी असेल, कोणाचं पोरगं उगाच बटणं दाबत असेल. एक म्हातारी बाई फोनवर रडत होती, छातीतून रक्त पडतं म्हणत होती, ये म्हणत होती, आणि पलीकडे कोणीतरी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं किंवा अर्ध्यावर ठेवून दिलं होतं. तिला दोन्हींत फरक कळणार नव्हता.

बुधवारी मी फोन केला नव्हता.